एलएफटी (लिव्हरची रक्त तपासणी) पहिल्यांदा करायला निघालाय? आधी हे वाचून जावा

मी बेळगावच्या उद्यमबागमध्ये फौंड्रीत कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीची मेडिकल झाली, त्यात एलएफटी पण होती, आणि चार दिवसांनी रिपोर्ट हातात आला तर एसजीओटी १३४ आणि एसजीपीटी ८८ (लिव्हरसाठी बघतात ती दोन एन्झाइमं), दोन्हीच्या पुढं ठळक एच, म्हणजे हाय, वाढलेलं. मी दारू पीत नाही, कावीळ कधी झालेली नाही, तरी घरात रडारड सुरू. आईनं नवस बोलला, मामा म्हणाला खानापूरच्या पलीकडं एकजण पाला देतो उद्याच जाऊया, आणि एका मित्रानं फोनवर काहीतरी वाचून सांगितलं की सिरोसिसची, म्हणजे लिव्हर कडक होत जाण्याची सुरुवात असणार. पाच रात्री नीट झोप नाही. मग डॉक्टरांकडं गेलो तर त्यांनी रिपोर्ट बघून पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवसांत काही जड काम केलं होतं का?"

केलं होतं. रविवारी भावकीतल्या घराचा स्लॅब होता, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत घमेली उचललेली, आणि मंगळवारी सकाळी रक्त दिलेलं. डॉक्टरांनी सीपीके म्हणून एक टेस्ट सांगितली, ती स्नायूंची असते, ती वाढलेली निघाली. बारा दिवस जड काम बंद ठेवून परत एलएफटी केली तर २९ आणि ३३. लिव्हरला काहीच झालं नव्हतं. हे सगळं मला आधी कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर आईचे ते पाच दिवस वाचले असते, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषध मी सांगणार नाही, पण टेस्टची तयारी आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं एवढं नीट सांगतो.

१. टेस्ट कशासाठी सांगितली ते आधी विचारा

हे बहुतेक लोक विचारतच नाहीत, चिठ्ठी घेतात आणि लॅबला जातात. पण कारणावरनं तयारी बदलते. कावीळ वाटते म्हणून सांगितली असेल तर उपाशी थांबून उद्या जायची गरज नाही, त्याच दिवशी द्यावी. टीबीच्या गोळ्या सुरू आहेत, फिटच्या किंवा सांधेदुखीच्या काही गोळ्या सुरू आहेत, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची आहे म्हणून असेल तर गोळी घेऊन यायचं का न घेता, ते विचारून घ्यायचं. आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलं म्हणून असेल तर बरेचदा सोबत शुगर आणि लिपिड प्रोफाईल पण असते, त्याला उपाशी पोट लागतं.

अजून एक, चिठ्ठीवर नुसतं एसजीपीटी लिहिलंय का पूर्ण एलएफटी ते बघा. नुसतं एसजीपीटी म्हणजे एकच आकडा. पूर्ण एलएफटीत बिलिरुबिन (कावीळीत वाढतं ते पिवळं द्रव्य), एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाईन फॉस्फटेज, टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) हे सगळं येतं, जीजीटी काही लॅबमध्ये असते काहींत वेगळी सांगावी लागते. पैसे द्यायच्या आधी काउंटरवर विचारा यात काय काय येतं.

२. सोबत काय न्यायचं

- डॉक्टरांची चिठ्ठी, आणि आधीचे रिपोर्ट असतील तर ते सगळे. जुना आकडा सोबत असला की नव्या आकड्याला अर्थ येतो.
- आधार कार्ड. सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर रेशन कार्ड पण, बीपीएल असेल तर नक्कीच. आयुष्मान कार्ड असेल तर ठेवा, पण ते मुख्यतः ॲडमिट झाल्यावरच्या उपचाराला लागतं, बाहेरनं नुसतं रक्त तपासायला त्याचा उपयोग होईलच असं धरून जाऊ नका.
- घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी. यादी नको, पिशवीच न्या. बीपी, शुगर, थायरॉईड, अंगदुखीची गोळी, जिमची पावडर, चूर्ण, काढा, वजन कमी करायची कॅप्सूल, सगळं.
- पाण्याची बाटली, आणि रक्त दिल्यावर खायला काहीतरी. शुगर असणाऱ्यांनी तर विसरूच नका.

नावाचं एक सांगतो. आपल्याकडं आधारवर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर दुसरं आणि चिठ्ठीवर तिसरं असतं, गावाचं नाव आडनावात घुसलेलं असतं. पावती घेतल्या घेतल्या तिथंच नाव, वय आणि पुरुष का स्त्री हे वाचून बघा. वय चुकलं तर नॉर्मल रेंज पण चुकीची छापली जाऊ शकते, लहान मुलांच्या बाबतीत तर फार फरक पडतो.

३. आठवडाभर आधीपासून

जड काम आणि जिम बंद. माझं तर वर सांगितलंच. एसजीओटी हे एन्झाइम फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंत, हृदयात आणि रक्ताच्या लाल पेशींत पण असतं. एसजीपीटी जास्त करून लिव्हरमधलं, पण थोडं स्नायूंत पण आहेच. स्नायू दमले, ताणले की ते रक्तात उतरतं आणि मशीनला ते कुठनं आलं ते कळत नाही. ऊस तोडणारे, हमाली करणारे, भात लावणीचे दिवस असलेले, नवीनच जिम लावलेली पोरं, राजहंसगडावर पळत चढणारे, तुम्ही सगळ्यांनी निदान तीन दिवस आणि जमलं तर आठवडाभर अंगाला विश्रांती द्या. ते जमणारच नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

दारू. निदान दोन-तीन दिवस आधी बंद, आणि पीत असाल तर किती पिता ते डॉक्टरला खरं सांगा. लपवून काही होत नाही. उलट रोज पिणारा माणूस एक दिवस थांबला म्हणून जीजीटी खाली येत नाही, तिला उतरायला आठवडे लागतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर थरथर, फिट असले त्रास होऊ शकतात, त्यामुळं टेस्टसाठी म्हणून स्वतःच्या मनानं एका रात्रीत सोडू नका, डॉक्टरांना विचारून सोडा.

पॅरासिटामॉल. ताप आला, अंग दुखलं की आपण डोलो घेतो, सोबत सर्दीची गोळी घेतो, आणि त्या सर्दीच्या गोळीत पण पॅरासिटामॉलच असतं ते बघत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या झाल्या की तिथंच थांबायचं, आणि दारू पिणाऱ्याला, अशक्त माणसाला ती हद्द अजून खाली. किती दिवस किती गोळ्या घेतल्या ते चिठ्ठीच्या मागं लिहून न्या.

चालू गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. टीबीच्या गोळ्या तर अजिबात नाही. त्यातल्या आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही लिव्हरवर ताण देऊ शकतात हे खरं आहे, आणि उलटी, भूक मरणं, लघवी गडद होणं असं दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचं, पण कुठली थांबवायची, कधी परत सुरू करायची ते डॉक्टरच ठरवणार.

४. आदली रात्र आणि ती सकाळ

नुसत्या एलएफटीला काटेकोर उपास लागतोच असं नाही. तरी बहुतेक लॅब ८ ते १० तास उपाशी या म्हणतात, कारण सोबत दुसऱ्या टेस्ट असतात आणि तेलकट खाऊन आल्यावर रक्तातलं पाणी दुधासारखं गढूळ दिसतं, त्यानं मशीनचं माप बिघडू शकतं. रात्री आठ-साडेआठला साधं जेवा. साधं पाणी प्यायला चालतं, प्याच, शीर चांगली सापडते. चहा नको, बिनसाखरेचा पण नको, तंबाखू-गुटखा नको.

उपासाचा उलटा सापळा पण आहे. काहीजण आदल्या दिवसापासनंच कडक उपास धरतात, एकादशी जोडून घेतात, का तर रिपोर्ट चांगला येईल. गिल्बर्ट म्हणून एक जन्मजात, निरुपद्रवी प्रकार असतो, त्या लोकांचं बिलिरुबिन जास्त वेळ उपाशी राहिल्यावर वाढतं. म्हणजे चांगल्या रिपोर्टसाठी केलेल्या उपासानंच कावीळ दिसायला लागते. १० तास म्हणजे १० तास, २४ नव्हे.

५. लॅबमध्ये

परत टेस्टला गेलो तेव्हा माझ्या पुढं चंदगड भागातली एक आजी होती, नातवासोबत आलेली, नातू पावती करायला गेलेला. आतल्या मुलीनं कन्नडमध्ये विचारलं, "अज्जी, खाली होट्टी बंदीरेनु?" आजीला त्यातलं 'खाली' तेवढं कळलं, तिला वाटलं खालच्या मजल्यावरनं आलात काय असं विचारतात, म्हणून ती हो म्हणाली. घरातनं निघताना चहा-भाकरी खाऊन आलेली. नातू परत आल्यावर उलगडा झाला, शुगरची टेस्ट दुसऱ्या दिवसावर गेली आणि आजीची शिनोळीमार्गे परत एक खेप झाली. त्या मुलीची चूक नाही आणि आजीची तर नाहीच.

म्हणून महाराष्ट्राच्या बाजूनं बेळगावला येणाऱ्यांनी, किंवा इथंच राहून कन्नड न येणाऱ्यांनी एवढे शब्द कानावर ठेवा. खाली होट्टी म्हणजे रिकामं पोट. प्रयोगालय म्हणजे लॅब, सरकारी दवाखान्यात पाटी कन्नडमध्ये असते. गुळिगी किंवा मात्रे म्हणजे गोळी. कामाले म्हणजे कावीळ. नाळे बर्री म्हणजे उद्या या. आणि समजलं नाही तर मान हलवू नका, "मराठीत सांगा" म्हणा, बेळगावात मराठी समजणारा माणूस शेजारीच कुणीतरी असतोच.

रक्त घेताना दंडाला पट्टा बांधतात, कोपराच्या खोबणीतनं साधारण ३ ते ५ मिली घेतात. मूठ एकदा घट्ट धरा, पण सारखी उघड-मीट करत बसू नका. शीर सापडत नसेल आणि दोन-तीनदा टोचावं लागलं, किंवा सिरिंज जोरात ओढली तर लाल पेशी फुटतात, रिपोर्टवर "सॅम्पल हेमोलाईज्ड" असा शेरा येतो. तो शेरा दिसला की एसजीओटीचा वाढीव आकडा धरू नका, परत रक्त द्या. टोचल्यावर कापूस पाच मिनिटं दाबून ठेवा, हात दुमडून ठेवण्यापेक्षा सरळ ठेवून दाबलेलं बरं, काळंनिळं पडत नाही. रक्त पातळ व्हायची गोळी सुरू असेल तर आधी सांगा.

लहान गावातल्या कलेक्शन सेंटरला देणार असाल तर विचारून घ्या की सॅम्पल बेळगावला कधी जाणार आणि तोवर कसं ठेवणार. बिलिरुबिन उजेडात मोडतं, उन्हात राहिलेल्या सॅम्पलमध्ये ते कमी दिसू शकतं. सकाळची पहिली खेप निघायच्या आधी दिलेलं बरं.

६. रिपोर्ट कसा वाचायचा

इथं जरा थांबून वाचा.

कागदावर तीन गट असतात, आणि ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला गट एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा होतेय का. पेशी दुखावली की आतलं एन्झाइम बाहेर सांडतं. नवीन रिपोर्टवर एसजीओटीला एएसटी आणि एसजीपीटीला एएलटी लिहितात, एकच आहे ते, दोन वेगळ्या टेस्ट समजून परत पैसे भरू नका. वरची हद्द साधारण ४० च्या आसपास, पण प्रत्येक लॅबची थोडी वेगळी, म्हणून त्याच कागदावरची रेंज बघायची.

दुसरा गट अल्कलाईन फॉस्फटेज आणि जीजीटी, हे पित्ताच्या वाटेचं. दोन्ही वाढले तर पित्ताचा रस्ता कुठंतरी तुंबलाय का ते बघतात, खडा असेल, सूज असेल. अल्कलाईन फॉस्फटेज एकटंच वाढलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर ते हाडातनं पण आलेलं असू शकतं. वाढत्या वयाच्या पोरांत ते मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं, हाडं वाढत असतात म्हणून, आणि गरोदर बाईचं शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं, वारेतनं येतं ते. त्यात घाबरायचं काही नाही.

तिसरा गट लिव्हर काम किती करतंय त्याचा, अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन, सोबत पीटी-आयएनआर सांगितली असेल तर ती, ही रक्त गोठायची टेस्ट आहे. मला वाटतं लोक सगळ्यात कमी लक्ष इथं देतात आणि खरं तर हाच गट मोठा. एसजीपीटी ९० आहे पण अल्ब्युमिन ४.२ आणि आयएनआर १ आहे तर लिव्हर आपलं काम करतंय. एसजीपीटी ३५ आहे, एकदम नॉर्मल, पण अल्ब्युमिन २.६ आणि पोटात पाणी आहे, तर तो माणूस जास्त आजारी असू शकतो. सिरोसिस पुढं गेलेल्यांत एन्झाइम नॉर्मल दिसू शकतं, सांडायला पेशीच कमी राहिलेल्या असतात. अल्ब्युमिन साधारण ३.५ ते ५ असावं. बिलिरुबिन टोटल १.२ पर्यंत, आणि डोळे पिवळे दिसायला ते साधारण अडीच-तीनच्या वर जावं लागतं, म्हणजे डोळे पांढरे आहेत म्हणून काही नाही असं होत नाही.

आता आकडा किती वाढला ते. हद्दीच्या दुप्पट-तिप्पट असेल तर आपल्याकडं बहुतेकदा फॅटी लिव्हर, औषधं, दारू, नाहीतर माझ्यासारखं जड काम. शेकड्यात चढत गेला तर लवकर डॉक्टर. हजाराच्या वर गेला तर तो उद्यावर टाकायचा विषय नाही, हेपेटायटिस ए, ई, बी यातली कावीळ, पॅरासिटामॉलचा जास्त डोस असली कारणं असतात, त्याच दिवशी जा.

दोन्हीतलं प्रमाण पण बघतात. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर दारूचा संशय येतो, फॅटी लिव्हरच्या सुरुवातीला बहुतेक एसजीपीटी वर असतं. पण माझं एसजीओटी जास्त होतं आणि दारूचा थेंब नव्हता. त्यामुळं या प्रमाणावरनं घरातल्या माणसावर आळ घेऊ नका, खरंच सांगतो, आमच्या घरात दोन दिवस तो पण विषय झाला होता.

फॅटी लिव्हर असणाऱ्यांनी प्लेटलेटचा रिपोर्ट पण सोबत न्या. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरनं डॉक्टर फिब-४ काढतात, तो १.३ च्या खाली असेल तर लिव्हर कडक झाल्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर पुढची तपासणी, फायब्रोस्कॅन वगैरे.

७. ही लक्षणं असतील तर रिपोर्टची वाट बघू नका

माणूस बरळायला लागला, दिवसा गुंगीत आणि रात्री जागा असं झालं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट फुगून पाणी, तापासोबत पोटाच्या उजव्या बाजूला वरती जोरात दुखणं आणि डोळे पिवळे. गरोदर बाईला कावीळ दिसली तर तासाचा पण उशीर नको, हेपेटायटिस ई त्यांना शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतणारा असतो. सरळ सिव्हिलला किंवा मोठ्या हॉस्पिटलला न्या.

८. पाला, माळ आणि चुन्याचं पाणी

हे लिहिताना मला माहीत आहे की आपल्याच लोकांना वाईट वाटणार आहे, माझ्या मामाला पण वाटलं. पण लिहितो. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं होतं आणि कावीळ उतरली म्हणतात, तो पिवळा रंग झाडाच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आल्यामुळं येतो, अंगातनं काही निघत नाही. नाकात देवडांगरीचे थेंब टाकून पिवळं पाणी गळतं, ते नाकाची आग होऊन गळतं, बिलिरुबिन नव्हे. हेपेटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची आपोआपच काही आठवड्यांत उतरते, म्हणून पाला देणाऱ्याचं नाव होतं. ज्याची उतरत नाही त्याचे तेच दिवस वाया जातात.

आणि झाडपाला म्हणजे निरुपद्रवीच असंही नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू होता, त्यातनं लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवून छापले. तुम्ही घेत असाल तर घेताय म्हणून सांगा, एवढंच मागणं आहे. डॉक्टर रागावतील म्हणून लोक लपवतात आणि मग कारण सापडत नाही.

९. नंतर

थोडा वाढीव रिपोर्ट आला तर बहुतेकदा काही आठवड्यांनी परत करायला सांगतात. परत करताना तीच लॅब, तशीच सकाळ, तशीच तयारी. एका लॅबचे ५२ आणि दुसऱ्या लॅबचे ४६ यावरनं उतार पडला म्हणता येत नाही.

हेपेटायटिस बी आणि सी ची टेस्ट झाली नसेल तर एकदा करून घ्या, दोन्ही वर्षानुवर्षं काही न जाणवता राहतात. २८ जुलै २०१८ पासनं राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषध फुकट आहे, सिव्हिलमध्ये चौकशी करा. घरात एकाला बी निघालं तर बायको, मुलं, आईवडील सगळ्यांची टेस्ट, आणि ज्यांना नाही त्यांना लस, मोठ्यांना ती ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीनदा. एकत्र जेवल्यानं ते पसरत नाही, ताट वेगळं करू नका, ब्लेड आणि टूथब्रश वेगळे करा.

फॅटी लिव्हर निघालं तर गोळीच्या आधी वजन. शंभर किलोच्या माणसाचे सात ते दहा किलो कमी झाले की लिव्हरची सूज उतरायला लागते, आणि ते हळूहळू, महिन्यांनी. कुंदा आणि करदंट असलं गोड पाहुण्यांना द्या, आपण चव बघा तेवढं. भाताचा ढीग कमी करून उसळ वाढवा.

रिपोर्ट थर्मल कागदावर असेल तर तो काही काळानं पुसट होतो, घरी आल्या आल्या फोटो काढा, तारखेसकट, आणि घरातल्या अजून एकाच्या फोनवर पाठवून ठेवा. कागद प्लॅस्टिकच्या फाईलीत, नवीन रिपोर्ट सगळ्यात वर. माझ्या फाईलीत तो १३४ चा कागद अजून आहे, त्याच्यावर डॉक्टरांनी पेननं "स्लॅबचं काम, सीपीके जास्त" असं लिहून दिलंय, पुढच्या मेडिकलला कुणी विचारलं तर दाखवायला.